डॅशच्या उजवीकडे बघा: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ वापरल्यानंतर

सेन्टॉस ७ या फुकट लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्याच सुमारास आमचे बहुतेक सर्व्हर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ वर आले. त्याला आता वर्षाहून बराच अधिक काळ झाला. वेग, स्थैर्य यांवर लिहिण्यासारखं फारसं नाही. सर्व्हर मुकाट चालतात, आणि पैसे त्याचेच मोजलेले असतात. लिहायचंय ते आवृत्तीच्या आकड्यांबद्दल. आमचे ग्राहक सहकारी बँका, त्यामुळे व्हीएपीटी, म्हणजे सुरक्षेतली भगदाडं शोधणारी तपासणी, ठरलेली, आणि ज्याला हे आकडे वाचता येत नाहीत त्याचा निम्मा जीव त्या अहवालांना उत्तरं देण्यात जातो.

नवीन माणूस दचकतो तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बघून. रेड हॅट ९.६ वर कर्नलचा आकडा ५.१४.०-५७० असा काहीतरी दिसतो. मूळ ५.१४ कर्नल ऑगस्ट २०२१ चा, आणि कर्नलवाल्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्याकडे बघणं थांबवलं. मग पैसे देऊन जुनापुराणा माल घेतला का? तर नाही. ५.१४ हे आता त्या कर्नलचं आडनाव आहे. घराणं कळतं, वय कळत नाही. पुढच्या कर्नलांमधल्या दुरुस्त्या, कित्येकदा नवीन सुविधासुद्धा, रेड हॅट उचलून याच ५.१४ वर बसवतं. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. हलतो तो डॅशनंतरचा आकडा: ९.४ ला ४२७, ९.५ ला ५०३, ९.६ ला ५७०. डावीकडचा भाग नवव्या आवृत्तीच्या दहा वर्षांत बदलायचा नाही, हाच तर सौदा आहे, कारण त्यावर बसवलेली सॉफ्टवेअरं मोडता कामा नयेत.

याची खरी परीक्षा जुलै २०२४ मध्ये झाली. ओपनएसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करू देणारं सॉफ्टवेअर, त्यातलं रेग्रेएसएसएच नावाचं भगदाड १ जुलैला जाहीर झालं. त्याचा सीव्हीई, म्हणजे अशा त्रुटींचा नोंदणी क्रमांक, सीव्हीई-२०२४-६३८७. बाधित आवृत्त्या ८.५पी१ ते ९.७पी१, दुरुस्ती ९.८पी१ मध्ये. रेड हॅट ९ मध्ये तेव्हा ओपनएसएसएच ८.७पी१ होतं, म्हणजे बाधित. गंमत अशी की रेड हॅट ८ मधलं जुनं ८.०पी१ सुरक्षित होतं, कारण चूक ८.५ मध्ये शिरली होती. जुनं म्हणजे धोक्याचं, हा हिशेब तिथेच कोसळतो. रेड हॅटने दुरुस्ती दिली ती ८.७पी१-३८.ईएल९_४.१ या पॅकेजमध्ये. ८.७ जागच्या जागी, बदल फक्त डॅशनंतरच्या शेपटीत. रेड हॅटशी सुसंगत अशा फुकट अल्मालिनक्सने त्याच भगदाडाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, १ जुलैलाच दिला आणि त्याची शेपटी वेगळी. दोन्हीकडे डावीकडे तेच ८.७पी१.

आता स्कॅनर काय करतो? लॉगिन न करता बाहेरून पोर्ट २२ वर, म्हणजे ओपनएसएसएचच्या दारावर, टकटक करतो. सर्व्हर उत्तर देतो, ‘ओपनएसएसएच_८.७’. बस, लाल खूण, अतिगंभीर. पॅच लागून आठवडे उलटलेले सर्व्हर आमच्या अहवालात असे लालेलाल होते, आणि अहवाल देणाऱ्या कंपनीचा सल्ला होता ९.८ टाका. सपोर्ट असलेल्या सिस्टिमवर सोर्समधून ९.८ बांधून टाकणं म्हणजे पुढच्या सगळ्या पॅचना स्वतःहून मुकणं. हा सल्ला कोणी देऊ नये आणि दिला तर कोणी ऐकू नये.

उलट बाजूही आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पुढच्याच आठवड्यात सीव्हीई-२०२४-६४०९ आलं. त्याचं मूळ ओपनएसएसएचच्या मूळ कोडमध्ये एकट्याने नव्हतं, रेड हॅटच्या घराण्यात ऑडिटसाठी जोडलेल्या एका पॅचमुळे ते प्रत्यक्षात आलं. म्हणजे मूळ प्रकल्पाचा आकडा पाहून ‘आपण बाधित नाही’ म्हणणंही तितकंच पोकळ. बॅकपोर्टिंगची बाजू घेणारे लोक हा भाग सहसा सांगत नाहीत.

कामाचं सांगायचं तर, पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, आरपीएम या पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनाकडून सीव्हीईचा नंबर शोधून घ्यायचा. सापडला तर तीच ओळ ऑडिटरला पाठवायची. डीएनएफ या अपडेट बसवणाऱ्या साधनाच्या अपडेटइन्फोलाही सीव्हीईवरून विचारता येतं. रेड हॅटच्या सूचनांत आरएचएसए म्हणजे सुरक्षा, आरएचबीए म्हणजे बग, आरएचईए म्हणजे सुधारणा. ऑडिटसाठी पहिल्याशीच मतलब. आणि स्कॅनरला लॉगिन देऊन स्कॅन करायला लावा. तो पॅकेजांची यादी वाचू लागला की खोटे लाल शेरे बरेच ओसरतात.

मात्र ‘डावीकडचं कधीच हलत नाही’ असं घोकू नका. ९.५ मध्ये ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ३.०.७ वरून थेट ३.२.२ वर गेली. रिलीझ नोट्स वाचायच्या त्या यासाठीच. ईएल९_४ सारख्या शेपटीतला शेवटचा आकडाही वाचण्यासारखा असतो: ही दुरुस्ती ९.४ च्या पॅकेजांवरची. ९.४ आणि ९.६ ला वाढीव सपोर्ट विकत मिळतो, ९.५ ला नाही. ९.५ वरच थांबून राहिलेल्यांचे पॅच ९.६ आल्यावर बंद झाले. हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्या, नंतर कोटेशन वेगळं येतं.

डिस्कवर नवा पॅच आणि मेमरीत जुना कोड, हा प्रकार आकड्यांत दिसतच नाही. आरपीएमला विचारलं तर नवा कर्नल बसलाय असं सांगतो, चालू कर्नल दाखवणारी यूनेम कमांड मात्र जुनाच दाखवते, कारण रीबूटची परवानगी कोणी दिलेली नसते. ओपनएसएसएल बदललं तरी महिनोन्‌महिने चालू असलेली सेवा जुनीच लायब्ररी धरून बसते. नीड्स-रीस्टार्टिंग नावाची छोटी कमांड हे सांगते. आमच्या महिन्याच्या तक्त्यात ‘बसवलेलं’ आणि ‘चालू’ असे दोन रकाने आता वेगवेगळे आहेत.

घ्यावं का? बँक, रुग्णालय, दहा वर्षं न हलवायचं काही असेल तर नक्की. नवनवीन भाषा आणि लायब्ऱ्या रोज लागणाऱ्या टीमला कंटेनरशिवाय हे जाचक वाटेल.

जाता जाता, यादी एक्सेलमध्ये ठेवत असाल तर आवृत्तीचा रकाना टेक्स्ट करून टाका. रेड हॅट ८.१ नोव्हेंबर २०१९ ची, ८.१० मे २०२४ ची, आणि एक्सेल दोन्हींना ८.१ च म्हणतं.