आधी प्राणी, मग महिना, मग जहाज: अलास्का, स्वालबार्ड की नॉर्वेचा किनारा?

उत्तरेकडच्या क्रूझची माहितीपत्रकं सगळी सारखीच. मागे निळसर हिमनदी, पुढे पाण्याबाहेर झेपावलेला देवमासा. फोटोग्राफरनं हे चित्र नीट पाहावं. देवमाशाच्या मागे क्षितिज दिसतंय, म्हणजे कॅमेरा पाण्याच्या जवळ होता. बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून तोच देवमासा पाण्यात पडलेल्या ओंडक्यासारखा दिसतो आणि फोटोत क्षितिज येतच नाही. प्रवास ठरवताना मी म्हणूनच आधी प्राणी ठरवायला सांगेन, मग महिना, मग जहाज. देशाचं नाव त्यातून आपोआप ठरतं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: सवलतीतलं जहाज घेतात आणि मग त्यावरून काय दिसेल ते शोधत बसतात.

वन्यजीवांसाठी उत्तरेत जाणाऱ्यांपुढे मुख्यतः तीन पर्याय असतात: अलास्काचा इनसाइड पॅसेज (आग्नेय अलास्काच्या बेटांमधला जलमार्ग), स्वालबार्ड (नॉर्वेच्या उत्तरेचा आर्क्टिकमधला बेटसमूह) आणि नॉर्वेचा किनारा. ग्रीनलँड आणि कॅनडाचा आर्क्टिक यांबद्दल शेवटी थोडं.

अंतराचा हिशेब

प्राणी किती जवळून पाहायचा हे तुम्ही ठरवत नाही, कायदा ठरवतो. अलास्कात हंपबॅक देवमाशापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दूर राहावं लागतं. स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात तर ५०० मीटर. हा नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्याआधीचे अस्वलाचे जवळचे फोटो पाहून कोणी स्वालबार्डचं तिकीट काढत असेल तर त्यानं जरा थांबावं.

आता लेन्स लावून पाहू. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. अडीच मीटर लांबीचं अस्वल ३०० मीटरवर उभं असेल आणि तुमच्याकडे ६०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर सेन्सरवर ते ५ मिलिमीटर भरतं, म्हणजे चौकटीच्या सातव्या हिश्श्याएवढं. तेच अस्वल ५०० मीटरवर, ३ मिलिमीटर, बारावा हिस्सा. आणि ४०० ची लेन्स असेल तर ५०० मीटरवर २ मिलिमीटर. पांढऱ्या बर्फावर एक पिवळसर ठिपका, बस्स.

उलट हंपबॅकच्या शेपटीचा पंखा साधारण चार मीटर रुंद असतो. ९१ मीटरवरून ४०० च्या लेन्सनं तो निम्मी चौकट व्यापतो. लेन्सवर किती पैसे घालायचे, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) घ्यायचा का, दुसरी बॉडी न्यायची का, या सगळ्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. अलास्कासाठी १००-४०० पुरेशी ठरते. स्वालबार्डला ६०० हवीच, आणि तीही असताना मनाची तयारी ठेवायची की चांगला फोटो ‘बर्फाच्या विस्तारात अस्वल’ असाच येणार. माझ्या मते तो जास्त खरा फोटोही असतो. पण ज्याला डोळ्यांतली चमक हवी आहे त्यानं आधीच सावध व्हावं.

अलास्का: सोपं, ओलं आणि भरपूर

हवाईच्या उबदार पाण्यात हिवाळा काढलेले हंपबॅक उन्हाळ्यात आग्नेय अलास्कात खायला येतात. तिथे ते जवळपास उपाशी असतात, इथे हेरिंग आणि क्रिलवर तुटून पडतात. काही कळप मिळून माशांभोवती बुडबुड्यांचं जाळं विणतात आणि मग सगळे एकदम तोंड उघडून वर येतात. हे दृश्य टिपायचं तर जून ते ऑगस्ट. देवमासे कुठून वर येणार हे पक्षी आधी ओळखतात; समुद्रपक्षी एका जागी गोळा होऊन घिरट्या घालायला लागले की कॅमेरा तिकडे वळवून ठेवायचा.

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती देतात. तुमच्या प्रवासक्रमात हे नाव आहे का ते पाहा. नसेल तर त्याच भाड्यातला दुसरा क्रम शोधा. इथे समुद्री पाणमांजरं (सी ऑटर) मुबलक आहेत. बर्फाच्या तुकड्यांवर सील पिलांना जन्म देतात, त्या काळात जॉन्स हॉपकिन्स हा फाटा क्रूझ जहाजांना मे ते ऑगस्ट बंद असतो. सप्टेंबरमध्ये तो उघडतो, पण तेव्हा पाऊस वाढलेला असतो.

पावसाबद्दल स्पष्टच बोलायला हवं. केचिकनमध्ये वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. या पट्ट्यात त्यातल्या त्यात कोरडे महिने मे आणि जून. पण साल्मन मासे ओढ्यांत चढतात ते जुलैपासून, आणि अस्वलं त्यांच्यामागे येतात. म्हणजे कोरडं हवामान आणि अस्वलं एकत्र मिळणं कठीण. देवमासे आणि अस्वलं दोन्ही हवी असतील तर जुलैचा उत्तरार्ध धरावा आणि लेन्सला रेनकव्हर घ्यावं.

मोठ्या जहाजावरून अस्वल मात्र दिसलं तर नशीब. त्यासाठी रँगल किंवा केचिकनहून बोटीनं किंवा तरंगत्या विमानानं ॲनन इथल्या निरीक्षण ठिकाणी जावं लागतं. तिथे ५ जुलै ते २५ ऑगस्ट परवाना लागतो आणि काळी व तपकिरी, दोन्ही जातींची अस्वलं एकाच ओढ्यावर मासे पकडताना दिसतात. दुसरी जागा जूनोजवळच्या ॲडमिरल्टी बेटावरचं पॅक क्रीक. परवाने मर्यादित असतात. क्रूझचं तिकीट आधी आणि परवाना नंतर, असं करणारे हमखास हात हलवत परत येतात.

मार्गाबद्दल एक बारकी गोष्ट. अमेरिकी कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला सिएटलहून सुटून सिएटललाच परतायचं असेल तर मध्ये परक्या देशाचं बंदर घ्यावं लागतं, म्हणून बहुतेक फेऱ्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, तेही अनेकदा संध्याकाळी. फोटोच्या दृष्टीनं तो वेळ वायाच. व्हँकूव्हर ते सिवर्ड किंवा व्हिटियर असा एकेरी प्रवास घेतला तर शेवटी सिवर्डला दोन दिवस राहून केनाई फ्योर्ड्समध्ये दिवसभराची बोट घेता येते. पफिन हे समुद्रपक्षी, स्टेलर समुद्रसिंह, कधी ऑर्का (किलर व्हेल). तो एक दिवस बाल्कनीतल्या चार दिवसांना भारी पडतो. तेव्हा बाल्कनीवर जादा पैसे न घालता साध्या केबिनमध्ये राहा आणि वाचलेले डॉलर छोट्या बोटींवर खर्च करा.

साठ-ऐंशी प्रवाशांची छोटी अमेरिकी जहाजं हा वेगळाच प्रकार. देवमासा दिसला की कप्तान इंजिन मंद करतो, जेवण मागे पडतं. भाडं मोठ्या जहाजाच्या कित्येक पट असतं, आणि ज्याचा मुख्य उद्देश फोटोच आहे त्याला ते परवडवता आलं तर मोठ्या जहाजाचा विचारसुद्धा करू नये.

स्वालबार्ड: थोडं दिसतं, पण दिसतं ते विसरत नाही

इथे जहाजाची निवड कायद्यानंच सोपी केली आहे. २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज जाऊ शकत नाही आणि त्या क्षेत्रांत फक्त ४३ ठरवलेल्या जागी उतरता येतं. हजारो प्रवाशांच्या जहाजाच्या पत्रकात ‘स्वालबार्ड’ असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ लाँगइयरब्येन आणि आसपासचा भाग. गाव बघण्यासारखं आहे, पण अस्वलासाठी गेलेल्या माणसाची निराशा ठरलेली.

महिन्याचा पेच इथे खरा आहे. जूनमध्ये बर्फ भरपूर, डोंगर पांढरे, पण अंतर ५०० मीटर आणि बर्फामुळे बेटांना पूर्ण वळसा घालता येईलच असं नाही. जुलैत अंतर ३०० वर येतं आणि कड्यांवर पक्षी असतात. हिनलोपन सामुद्रधुनीतल्या आल्केफ्येलेटच्या कड्यावर ब्रुनिखच्या गिलेमॉट पक्ष्यांच्या हजारो जोड्या अक्षरशः खांद्याला खांदा लावून बसतात. रबरी होडीतून वर पाहिलं की आकाश काळं-पांढरं वळवळताना दिसतं. पक्ष्यांच्या कड्यांजवळ जहाजांना वेग ५ नॉटपर्यंत ठेवावा लागतो. नियम पक्ष्यांसाठी केला, फायदा शटर दाबणाऱ्यांचाही झाला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र हे कडे रिकामे होतात.

मग ऑगस्टला कोणी का जावं? उजेडासाठी. ‘मध्यरात्रीचा सूर्य’ ऐकून सोनेरी प्रकाशाची स्वप्नं पडतात, पण ७८ अंश उत्तरेला जूनच्या मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाच्या सुमारे ११ अंश वर असतो. प्रकाश तिरपा असतो, सोनेरी नव्हे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तोच मध्यरात्री क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर येतो आणि तासन्‌तास तिथेच रेंगाळतो. पक्षी की प्रकाश, हे तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर जुलैचा मध्य: पक्षी आहेत, अंतर कमी झालंय, थोडा बर्फही शिल्लक आहे.

वॉलरसची शिकार १९५२ मध्ये थांबली, अस्वलाची १९७३ मध्ये. त्याचं फळ आज दिसतं. किनाऱ्यावर एकमेकांवर लोळणारे वॉलरस हा स्वालबार्डचा सगळ्यात खात्रीचा विषय. होडीला १५० मीटर राखावे लागतात, पण तीन मीटरच्या प्राण्यांचा ढीग असला की ४०० ची लेन्सही चालते. अस्वलाची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून तिकीट घेऊ नये.

ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांच्यासाठी: स्वालबार्ड शेंगेनबाहेर आहे. ओस्लोहून तिकडे जाऊन परत येणं म्हणजे दोनदा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन गेलं तर परतताना पंचाईत.

नॉर्वेचा किनारा: स्वस्त तिकीट, अर्धं काम

किनाऱ्यालगतची जहाजसेवा: बर्गन ते किर्केनेस आणि परत, १२ दिवस, ३४ बंदरं. १८९३ पासून चालू असलेली ही सेवा मुळात टपाल, माल आणि स्थानिक माणसं नेण्यासाठी. म्हणूनच ती देवमाशासाठी थांबत नाही. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. निसर्गचित्रांसाठी अप्रतिम, पण प्राण्यांसाठी बंदरावर उतरून वेगळी बोट घ्यावी लागते: उन्हाळ्यात ट्रोलफ्योर्डच्या बाजूला समुद्री गरुड, उत्तर टोकाजवळच्या येस्वेर बेटांवर पफिन (ऑगस्ट लागला की ते निघून जातात).

नॉर्वेचं खरं आकर्षण हिवाळ्यात आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हेरिंगचे प्रचंड थवे उत्तरेच्या फ्योर्डांत येतात, आणि त्यांच्यामागे ऑर्का व हंपबॅक. थवे जागा बदलतात. पूर्वी त्रोम्सोजवळ यायचे, नंतर आणखी उत्तरेला श्केर्वोयकडे सरकले. तेव्हा आगाऊ बुकिंग करताना बोट कुठून निघते ते विचारा, नाहीतर निम्मा दिवस नुसता जाण्यायेण्यात जातो. त्रोम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. काही तास निळा संधिप्रकाश असतो. इथे ६०० ची एफ/६.३ लेन्स निरुपयोगी, ७०-२०० एफ/२.८ आणि आयएसओ ६४०० ला न घाबरणारा कॅमेरा हवा. रात्री ध्रुवीय प्रकाश दिसला तर चालत्या जहाजावरून दोन-तीन सेकंदांपेक्षा लांब शटर ठेवू नका, तारे रेघा होतात.

राहिलेलं

पूर्व ग्रीनलँडचा स्कोअर्सबी फ्योर्ड हिमनगांसाठी जा, प्राण्यांसाठी नव्हे. कस्तुरी बैल आहेत, पण तिथे शिकार चालते आणि प्राणी माणसाला बिचकतात. कॅनडाच्या लँकेस्टर साउंडमध्ये नारव्हाल आणि बेलुगा या जातींचे देवमासे आहेत. बर्फ आडवा आला तर पूर्ण मार्ग बदलतो. पहिल्या फेरीसाठी मी दोन्ही सुचवणार नाही.

ड्रोन घरीच ठेवा: अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत आणि स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत बंदी आहे. ट्रायपॉडही बहुधा ओझंच होतो, कारण इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. हातात धरून १/१००० च्या वर शटर ठेवलेलं बरं. उबदार केबिनमधून कॅमेरा एकदम बाहेर नेण्यापेक्षा जास्त धोका परत आत आणताना असतो. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि आत तासभर तसाच राहू द्या, दव पिशवीवर जमतं, लेन्समध्ये नाही. होडीत लेन्स बदलू नका.

मग कोणी कुठे जावं? पहिल्यांदाच जाणारे, सोबत फोटोत रस नसलेलं कुटुंब, मध्यम लेन्स: अलास्का, एकेरी मार्ग, जुलै. अस्वल पाहिल्याशिवाय चैन पडणार नाही असे, मोठी लेन्स आणि तेवढेच मोठे पैसे असलेले: स्वालबार्ड, लहान जहाज. ऑर्का हवेत आणि अंधाराची तयारी आहे: नॉर्वे, पण क्रूझ न घेता उत्तरेत मुक्काम करून.

पैसे भरण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचारा. एका रबरी होडीत किती जण बसवता? जहाजाच्या नाकाडावरचा उघडा डेक प्रवाशांना खुला असतो का? आणि पहाटे दोनला अस्वल दिसलं तर केबिनमधल्यांना उठवता का? या शेवटच्या प्रश्नावर ‘आम्ही पाहुण्यांची झोपमोड करत नाही’ असं उत्तर आलं, तर त्यांचे आभार मानून दुसरीकडे चौकशी करा.