मसूर पेरायचा तर फण की चकती?

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिण भागात न नांगरता पेरावे का, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. १९३० च्या दशकात वाऱ्याने उडवून नेलेल्या मातीने त्याचे उत्तर कधीच दिले आहे. उरतो तो पेरणीयंत्राला सरी उघडायला फण असावेत की फिरत्या चकत्या, एवढाच प्रश्न. मी बरीच वर्षे फणांनी पेरले आणि आता चकत्यांनी पेरतो, तेव्हा पुढील मत एका शेतकऱ्याच्या अनुभवापुरतेच धरावे.

फण काड बाजूला सारून काळ्या मातीची पट्टी उघडी करतो. मे महिन्याच्या थंडीत ती लवकर तापते, आणि बियाण्यापासून खत थोडे दूर सोडणेही सोपे जाते. नत्राची मोठी भूक असलेल्या कनोला या तेलबियांच्या पिकाला हे मानवते. रेजायना शहराभोवतीच्या चिकण जमिनीत ओल जास्त असली की चकत्यांना चिखल बसतो, म्हणून तिकडे फणच बरे, असे मला वाटते.

चकती माती कमी हलवते, त्यामुळे ओल टिकते आणि तणही कमी उगवते. मात्र सकाळचे दमट काड तिच्याखाली तुटत नाही. ते मुडपून सरीत दाबले जाते, बी मातीऐवजी काडावर बसते आणि उगवण विरळ होते. काड सुकेपर्यंत थांबण्याला इलाज नाही. मागच्या हंगामात नुसती कणसे ओरबाडून घेणाऱ्या हेडरने गहू काढला असेल, तर काड उभे राहते आणि हा त्रास पुष्कळ घटतो.

माझा निर्णय ठरवला तो धोंड्यांनी. मूस जॉ शहराच्या दक्षिणेकडची आमची जमीन हिमनदीने आणून टाकलेली आहे. मसुराच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असल्याने कंबाइनचे पाते जवळजवळ माती घासतच चालवावे लागते, आणि फण तर दर वसंतात नवे धोंडे वर काढतो. पेरणीनंतर रोलर फिरवला तरी मुठीएवढा एखादा राहतोच. तो पात्यात अडकला की खडखडाट होतो, पात्याचे दाते मोडतात आणि ऐन कापणीत, पावसाचे ढग दिसत असताना, गुडघ्यांवर बसून बोल्ट काढावे लागतात. चकती धोंड्यावरून उडी घेते. तिथे बी उथळ पडते खरे, पण धोंडा खालीच राहतो.

डिसेंबर २०१७ मध्ये भारताने मसुरावर ३० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा इथल्या अनेकांनी मसुराचा पेरा कमी केला. मी तो सोडला असता, तर कदाचित फणही सोडले नसते. मसुरानंतर घेतलेल्या गव्हाला त्याचा बेवड चांगला मिळतो, म्हणून मी मसूर ठेवला. मात्र अ‍ॅफनोमायसिस नावाच्या रोगाने मूळकूज झालेल्या शेतात मसूर किंवा वाटाणा पुन्हा घेण्याआधी सहा ते आठ वर्षे जाऊ द्यावी लागतात, आणि तिथे मी हरभऱ्याकडे वळतो. चकत्या लवकर झिजतात, बेअरिंगांचा खर्चही वाढतो. तो मी निमूटपणे सोसतो.