अंबडचा मॅग्नेटिक ब्रेक-रोलर: काम चोख, पण रबर चढवून मगच घ्या

नाशिकजवळच्या पिंपळगाव-ओझर पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये ग्रॅव्हिटी रोलर लाइनवर, म्हणजे मोटरशिवाय नुसत्या उतारावर क्रेट सरकवणाऱ्या रोलरांच्या रांगेवर, एकच रडगाणं असतं. भरलेला क्रेट उतारावर सुसाट सुटतो, खालच्या स्टॉपरवर आदळतो आणि तळातला माल चेपतो. उतार कमी केला की हलके बॉक्स मध्येच अडकून बसतात. यावर नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या छोट्या वर्कशॉपांमध्ये एडी करंट ब्रेक असलेले रोलर ऑर्डरप्रमाणे बनवून मिळतात. मॅग्नेटसमोर धातूची चकती फिरली की तिच्यात करंट तयार होतो आणि तोच तिला रोखतो, हा तो ब्रेक. त्यांचे दोन प्रकार आहेत: पाइपच्या आत मॅग्नेट बसवलेला बंद रोलर, आणि साइड चॅनेलच्या (रोलर धरणाऱ्या बाजूच्या पट्टीच्या) बाहेर ॲल्युमिनियमची डिस्क लावलेला उघडा रोलर. दिसायला पहिला देखणा, पण पैसे दुसऱ्यावर घालावेत.

कारण आधी आकड्यांत पाहू. २० किलोचा क्रेट ४ अंशांच्या उतारावर खाली ओढला जातो साधारण १३.७ न्यूटनने. बेअरिंग आणि रोलरचा विरोध वजनाच्या अडीच टक्के धरला तर ४.९ न्यूटन तिथेच जिरतात. उरलेले ८.८ न्यूटन ब्रेकने पेलायचे. वेग ०.३ मीटर प्रति सेकंद हवा असेल तर ५० मिमीचा रोलर फिरतो जेमतेम ११५ आरपीएमने आणि त्यावर लागणारा टॉर्क, म्हणजे फिरण्याला रोखणारा जोर, भरतो ०.२२ न्यूटन-मीटर. एडी करंटचा ब्रेक वेगावर जगतो. चकती हळू फिरली की तिच्यात करंटही तेवढाच कमी तयार होतो. ५० मिमीच्या पाइपमध्ये मॅग्नेट मध्यापासून फार तर १८ मिमीवर बसतात. एवढ्या जागेत थेट फिरणाऱ्या चकतीचा ब्रेक ढोबळ हिशेबाने गरजेच्या वीस-पंचवीस पट कमी पडतो. चकती पाचपट वेगाने फिरवणारा गियर टाकला तर ब्रेक पाचाचा वर्ग, म्हणजे पंचवीस पट वाढतो. आयात होणारे बंद रोलर महाग असतात ते आत बसणाऱ्या या प्लॅनेटरी (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणाऱ्या) गियरमुळे, मॅग्नेटमुळे नव्हे. गियर न टाकता फक्त मॅग्नेट कोंबलेला बंद रोलर स्वस्त मिळत असेल, तर तो शोभेचाच समजा.

बाहेरच्या डिस्कला गियर लागत नाही, कारण त्रिज्या तिच्या मदतीला येते. टॉर्क त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. १६० मिमी व्यासाची, ४ मिमी जाडीची डिस्क घ्या आणि मॅग्नेटचे केंद्र ५८ मिमीवर ठेवा. २० मिमी व्यास, १० मिमी जाडीचे एन-३५ ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट डिस्कच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, दोन जोड्या. दर बाजूला १ मिमी फट. मागे ६ मिमीची एमएस (साध्या लोखंडाची) प्लेट हवीच, नाहीतर चुंबकी रेषा हवेतच विखुरतात. समोरासमोरचे ध्रुव एकमेकांना ओढणारे, आणि शेजारच्या जोडीचे उलटे. एवढ्यात आधी सांगितलेल्या २० किलोच्या क्रेटचं काम भागतं, शिवाय थोडी राखीव ताकद उरते. मॅग्नेटचं ब्रॅकेट लांबट स्लॉटमध्ये बसवून घेतलं की ते आतबाहेर सरकवून ब्रेक कमी-जास्त करता येतो. उघड्या रोलरची सगळ्यात मोठी सोय हीच. बंद रोलरमध्ये जे आत गेलं ते गेलं.

फेराइट मॅग्नेट स्वस्त पडतात म्हणून वर्कशॉपवाले सुचवतात. ऐकू नका. ब्रेक चुंबकी क्षेत्राच्या वर्गाने चालतो. फेराइटची ताकद निओडिमियमच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ब्रेक जेमतेम नववा हिस्सा. डिस्क मात्र तांब्याची घ्यायची गरज नाही. शुद्ध ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते, आणि जाडी थोडी वाढवली की फरक भरून निघतो. फक्त भंगारातली कुठलीही प्लेट चालत नाही. २०२४ नंबरच्या ग्रेडसारख्या कडक मिश्रधातूची वाहकता शुद्ध ॲल्युमिनियमच्या निम्मीच असते. ग्रेड विचारूनच घ्या.

आता खटकलेल्या गोष्टी. मुख्य तक्रार अशी की रोलर नुसत्या स्टीलच्या पाइपचा येतो. ५४० मिमीचा क्रेट ७५ मिमी अंतरावरच्या सात रोलरवर टेकतो, म्हणजे एका रोलरवर २८ न्यूटन वजन. प्लास्टिक आणि स्टीलची पकड ०.२५ धरली तर तो रोलर जास्तीत जास्त ७ न्यूटन रोखू शकतो, आणि गरज असते ८.८ ची. मग ब्रेक-रोलर निवांत फिरतो आणि क्रेट त्याच्यावरून घसरत निघून जातो. कोल्ड स्टोरेजमधून आलेल्या ओल्या क्रेटचं तर विचारूच नका. मालक म्हणतो मॅग्नेट कमजोर, वर्कशॉपवाला म्हणतो मॅग्नेट वाढवा, आणि दोघेही चुकीच्या जागी बोट ठेवतात. पाइपवर रबर किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) स्लीव्ह चढवा आणि हा रोलर शेजारच्यांपेक्षा १ मिमी वर घ्या. प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरं म्हणजे शाफ्ट, रोलरच्या मधला दांडा. साध्या ग्रॅव्हिटी रोलरचा शाफ्ट स्थिर असतो, पाइप फिरतो. इथे डिस्क शाफ्टवर असल्यामुळे शाफ्ट पाइपला वेल्ड करून चॅनेलमध्ये फ्लँज बेअरिंगवर फिरवावा लागतो. काही ठिकाणी जुनाच रोलर वापरून डिस्क नुसती एण्ड कॅपला चिकटवलेली दिसली. तिची फट कधी अर्धा मिमी, कधी दीड, आणि कडेने मॅग्नेटवर घासल्याच्या खुणा.

डिस्कला 'वजन कमी' करायला भोकं पाडून देतात तेही नको. करंटच्या वाटेवर भोक आलं की ब्रेक घटतो. मॅग्नेटच्या बाहेरच्या कडेपासून डिस्कची कड निदान १० मिमी लांब असावी, करंटला परत फिरायला जागा लागते. मॅग्नेटच्या वाटेत लोखंडी बोल्ट असेल तर रोलर गचके देतो. तिथे पितळी स्क्रू वापरा. घेताना एक परीक्षा करा: रोलर बोटाने अगदी हळू फिरवा. तो मोकळा, एकसारखा फिरला पाहिजे. मग झटका द्या, लगेच जड लागला पाहिजे. हळू फिरवताना अडखळत असेल तर कुठेतरी लोखंड मॅग्नेटला ओढतंय.

अंतराच्या बाबतीत कंजुषी महागात पडते. दोन ब्रेक-रोलरांमध्ये १ मीटर अंतर ठेवलं, तर ०.३ वेगाने सुटलेला क्रेट पुढच्या ब्रेकपर्यंत पोचेतो जवळपास १ मीटर प्रति सेकंदाला पोचतो. अंतर क्रेटच्या लांबीपेक्षा कमी ठेवा. ५४० मिमीच्या क्रेटला ४५० मिमी ठीक, म्हणजे दर सहावा रोलर ब्रेकचा.

एक मर्यादा मात्र कुणीच काढू शकत नाही. हा ब्रेक थांबवत नाही, फक्त वेग बांधतो. शून्य वेगाला जोर शून्य. खाली स्टॉपर लागणारच, आणि दहा क्रेटची रांग लागली तर त्याच्यावर ८८ न्यूटनचा दाब येतो. शिवाय वेग वजनाच्या प्रमाणात बदलतो: २० किलोचा क्रेट ०.३ ने चालेल तिथे ५ किलोचा द्राक्षांचा बॉक्स ०.०७५ ने सरपटतो. टोमॅटो आणि द्राक्षं एकाच लाइनवर चालवणार असाल तर हंगामाप्रमाणे ब्रॅकेट सरकवायची तयारी ठेवा. पॅलेटसाठी हा आकार विसराच.

देखभाल जवळजवळ नाही. घासणारं काही नाही आणि डिस्क तापतही नाही, कारण एका क्रेटमागे उष्णता जेमतेम अडीच वॅट. त्रास देतात त्या स्टेपलच्या पिना. कार्टन स्टेपल करण्याच्या टेबलाजवळ लाइन असेल तर पिना उडून मॅग्नेटच्या तोंडावर उभ्या चिकटतात आणि डिस्कवर गोल ओरखडे काढतात. हवेच्या प्रेशरने त्या निघत नाहीत, चिकटपट्टी दाबून ओढाव्या लागतात. पत्र्याचं झाकण आधीच मागून घ्या. मॅग्नेटवर निकेलऐवजी इपॉक्सी कोटिंग सांगा, दमट खोलीत निकेलला टवका गेला की आतून गंज फुगतो.