‘पीई विथ जो’ : पडद्यावरचा व्यायाम आणि शाळेतला पीटीचा तास

ब्रिटनमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा व्यायाम प्रशिक्षक जो विक्स यांनी २३ मार्च २०२० पासून यूट्यूबवर मुलांसाठी सुरू केलेले ‘पीई विथ जो’ (पीई म्हणजे शारीरिक शिक्षण) हे अर्ध्या तासाचे वर्ग आजही विनामूल्य पाहता येतात. दुसऱ्याच दिवशीच्या थेट प्रक्षेपणाची ९,५५,१८५ प्रेक्षकांसह गिनेस विक्रमांत नोंद झाली. इंग्लंडमधील प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलीची आई म्हणून मी हे वर्ग जवळून पाहिले आहेत आणि व्यायाम म्हणून ते मला मनापासून आवडतात. शारीरिक शिक्षण म्हणून मात्र ते अपुरे आहेत.

वर्गाची आखणी चांगली आहे. साहित्य काहीच लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते, आणि काही सेकंद जोमाने हालचाल, मग थोडी विश्रांती, अशा क्रमामुळे सशाच्या उड्या, बैठका, जागच्या जागी धावणे हे सारे लहान मुलांना झेपते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे. पावसाळी दिवशी त्यातला मोठा वाटा घरातच पूर्ण होतो, ही लहान गोष्ट नाही.

परंतु बैठक मारताना माझ्या मुलीच्या टाचा उचलल्या जात आणि गुडघे आत वळत, तरीही पडद्यावरून शाबासकी मिळतच असे, कारण पलीकडच्या माणसाला ती दिसतच नव्हती. शाळेतल्या शिक्षिकेने शेजारी उकिडवे बसून टाचेखाली बोट सरकवून दाखवले, पावलांत थोडे अंतर ठेवायला सांगितले आणि तिची बैठक तिथल्या तिथे सुधारली.

इंग्लंडच्या अभ्यासक्रमात धावणे आणि उड्या मारणे यांबरोबरच फेकणे, झेलणे, सांघिक खेळ आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत किमान २५ मीटर पोहता येणे अपेक्षित आहे. पोहण्याचे तर सोडाच, पण झेलणेही समोर कोणी असल्याशिवाय शिकता येत नाही. चेंडू येताना डोळे मिटणाऱ्या मुलाला मोठा, मऊ चेंडू देऊन जवळून हळूच टाकायचा आणि भीती गेली की एकेक पाऊल मागे सरकायचे, हा निर्णय त्या मुलाकडे पाहूनच घ्यावा लागतो. आपल्या लंगडीतही तोल सांभाळायचा असतो तो समोरचा हुलकावणी देत असताना. एकट्याने एका पायावर उभे राहून ते कौशल्य येत नाही.

म्हणून सुट्टीत किंवा शाळेत जाता येत नसेल तेव्हा हे वर्ग जरूर लावावेत आणि पालकांनी मुलाच्या पायांकडे लक्ष देत शेजारी उभे राहावे. शिक्षक उपलब्ध असूनही शाळेने पीटीच्या तासाला पडदा लावून मुलांना त्यासमोर उभे करणे मात्र मला मान्य नाही. ज्या मुलांना मदतीची सर्वाधिक गरज असते, ती अशा वेळी मागच्या रांगेत जाऊन उभी राहतात.