नाल काढून बूट घातले: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढंच हवंय ते मोकळे होतील. घोड्याचे रबरी बूट, हूफ बूट म्हणून मिळतात ते, कामाचे आहेत. पैसे वाया गेले असं वाटत नाही. पण माझ्या घोडीचे, मैनाचे, खूर सुधारले ते बुटांमुळे नाही. कानस, कोरडी जमीन आणि रोज चारही पाय उचलून बघणं यामुळे. बूट नसते तर हे जमलं असतं का? बहुतेक जमलं असतं, फक्त मधले दोन-तीन महिने रपेट बंद ठेवावी लागली असती. आता सविस्तर.

मैना ही मारवाडी वळणाची घोडी, वाईजवळ एका छोट्या तबेल्यात असते. फार मोठं काम नाही. थोडा डांबरी रस्ता, मग मुरमाची गाडीवाट, मग धोमच्या बाजूचा खडकाळ माळ. मागच्या पायांना कधीच त्रास नव्हता. पुढच्या पायांच्या नाला मात्र टिकेनात. उन्हाळ्यात खुराची भिंत वाळून खिळ्यांच्या भोकांपाशी ढलप्या सुटायच्या. पावसाळ्यात चिखलात मागचा पाय पुढच्या नालेवर पडला की नाल उखडायची, ती भिंतीचा तुकडा घेऊनच. दर वेळी नवा खिळा मारायला धड जागा कमी कमी होत गेली.

त्यातच एका नालबंदाने घाईत खिळा आत घातला. खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे फिकट पिवळसर रेघ असते. खिळा तिच्या आत जाता कामा नये, आत जिवंत भाग असतो. दोन दिवसांनी घोडी तीन पायांवर उभी. पशुवैद्यांनी खिळा काढला, पू वाहायला वाट करून दिली, कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून ठेवायला सांगितला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं पाळीव जनावर दुसरं क्वचितच, त्यामुळे ती लस वेळच्या वेळी हवीच. जखम भरली, पण त्या पायाची भिंत बाहेरच्या बाजूने पोकळ झाली. पाऊस लागताना पुढच्या दोन्ही नाला काढल्या आणि बूट मागवले.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या घोडीला बसला तो तुमच्या घोड्याला बसेल याची काहीच खात्री नाही, आणि नाव वाचून कुणी तोच मागवला तर शिव्या मला. परदेशी माल, कस्टम धरून जोडी वीस हजारांच्या पुढे गेली. माप घेताना आधी खूर कातरून घ्या, मग कागदावर पाय टेकवून सर्वांत रुंद जागेची रुंदी आणि चवड्यापासून टाचेच्या भिंतीपर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. न कातरलेल्या पायाचं माप घेतलं तर बूट एक नंबर मोठा येतो आणि चिखलात फिरतो. आणि चारही पायांना एकच माप चालत नाही. पुढचा खूर गोलसर, मागचा निमुळता. मी पुढच्यासाठीच घेतले. घोड्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवरच असतं.

आता नालबंदाबद्दल. नाल काढली म्हणजे नालबंदाची गरज संपली असं वाटणारे बरेच आहेत. खरं तर ती वाढते. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. नाल असताना सहा आठवड्यांनी होणारी खेप आम्ही चार-पाच आठवड्यांवर आणली, कारण भिंत थोडी वाढली तरी बूट घट्ट होतो. आमच्याकडे येतात त्या चाचांनी उमेदीची वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर काढली आहेत. शर्यतीच्या घोड्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या नाला लावण्यात हात मुरलेला. बूट बघून ते आधी हसले, मग आत हात घालून शिवण चाचपली आणि म्हणाले, "ताई, चवडा वाढला की टाच बसती. बूट कितीबी महागाचा आणा, आत पाय वाकडा तर चाल वाकडीच."

त्यांचं काम बघत राहावं असं असतं. पाय गुडघ्यांत धरला की आधी हत्यार नाही, अंगठा. तळवा सगळीकडे दाबून बघतात, घोडी कुठे पाय ओढते ते लक्षात ठेवतात. मग एक डोळा मिटून टाचेकडून चवड्याकडे नजर टाकतात, दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या आहेत का. तळव्याला सुरी जवळजवळ लावतच नाहीत. फक्त सुटलेला पापुद्रा काढायचा, बाकी जाडी राहू द्यायची, बिननालेच्या घोड्याला तीच खड्यांपासून वाचवते. कानशीने भिंतीच्या कडेला गोलाई देतात, म्हणजे ढलप्या निघत नाहीत. शेवटी पाय खाली ठेवून घोडीला फरशीवरून चालवतात आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहतात. टापेच्या आवाजावरून कळतं म्हणे, टाच आधी टेकतेय की चवडा. पहिल्या खेपेला आवाज दोन पायांचा वेगळा येत होता, हे त्यांनी सांगितल्यावर मलाही ऐकू आलं. हिवाळ्यापर्यंत तो फरक गेला.

आमच्या भागात नालबंद मुख्यतः बैलांचे. बाजाराच्या दिवशी बैल आडवा पाडून पत्री, म्हणजे बैलाची नाल, मारणारे हात झटपट असतात, पण बैलाचा खूर दुभंगलेला, घोड्याचा अखंड. हिशेब निराळा. त्यातलेही ट्रॅक्टर आल्यापासून कमी होत चाललेत. चांगला माणूस मिळाला तर त्याला दुप्पट पैसे देऊनही धरून ठेवा.

पावसाळा हीच खरी परीक्षा. तळव्याच्या मध्ये रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, फ्रॉग. त्याच्या मधल्या आणि बाजूच्या खाचांत चिखल-लीद दबून राहिली की हवा लागत नाही, आणि हवेशिवाय वाढणारे जंतू तिथे घर करतात. काळा चिकट द्राव, आणि वास असा की एकदा घेतला की विसरता येत नाही. याला थ्रश म्हणतात. मैनाला जुलैत झाला, डाव्या पुढच्या पायात. मधली खाच इतकी खोल की कापसाची वात बोटभर आत गेली.

इथे बुटांचा काडीचा उपयोग नाही, उलट ओल्या पायात बूट चढवला तर आजार पोसला जातो. उपाय जुनेच. रोज दोनदा खूर टोकदार आकड्याने साफ करायचे, टाचेकडून चवड्याकडे, म्हणजे आकडा सटकला तरी मऊ भागात घुसत नाही. मग ब्रशने घासून कोरडा करायचा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कापसाने खाचेत. मोरचूद बरेच जण वापरतात, द्राक्षबागांमुळे सहज मिळतो. पण दाट द्रावण लाल मांसावर ओतलं तर भाजतं, जखम भरायची लांबते. प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. जळकं ऑइल फासण्याची रीतही आहे. तिचा फायदा मला कुठे दिसला नाही.

औषधापेक्षा फरक पडला तो जागेने. आमचा मोतद्दार दत्तू याच्या मागे लागून तबेल्याच्या दारातला चिखल खरवडून काढला, मुरूम टाकून ठोकला, उतार बाहेरच्या बाजूला काढला. आत भाताचं तूस पसरलं, मुताने भिजलेलं रोज सकाळी बाहेर. दत्तू दोन दिवस कुरकुरला. ऑगस्टअखेर खाच भरत आली आणि वास गेला, तेव्हा गावात येईल त्याला पाय उचलून दाखवायला लागला.

बुटांचं खरं काम पावसाळा ओसरल्यावर सुरू झालं. नाल काढल्यावर सुरुवातीला खडीवर घोडी फुलासारखे पाय टाकत होती. बूट चढवले की तीच वाट बिनधास्त. डांबरावर पकड लोखंडापेक्षा चांगली, हे नक्की सांगते. गुळगुळीत कडक जमिनीवर लोखंडी नाल घसरते. माथेरानच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला घोडेवाल्यांनी विरोध केला तो याच घसरणीमुळे. पण ओल्या गवताच्या उतारावर आणि लाल निसरड्यात बुटांचा भरवसा धरू नका. तळाच्या नक्षीत माती भरली की चकती होते.

दुसरी तक्रार घासण्याची. लांब रपेटीत बुटात वाळू शिरली की टाचेच्या मऊ फुगीर भागावर सालटं निघतात. पहिल्या महिन्यात दोनदा झालं. आता आत मऊ पट्टा लावते, अर्ध्या वाटेत उतरून बूट काढून झटकते, आणि घरी आल्यावर लगेच काढून धुऊन उलटे वाळत. रात्रभर पायात ठेवायची वस्तू नाही ही. पट्ट्याची एक कडी वर्ष व्हायच्या आत तुटली. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं, सुटा भाग आला नाही. वाईतल्या चांभारदादांनी पितळी कडी बसवून दिली, ती मूळच्यापेक्षा मजबूत आहे.

खाण्याबद्दल थोडकंच. बायोटिन चालू केलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज 20 मिलिग्रॅम, सोबत जस्त-तांबं असलेलं खनिज मिश्रण. याचा गुण जुन्या भिंतीला येत नाही, केसांच्या रेषेपासून जी नवी भिंत उतरते तिलाच येतो. चवड्याची भिंत वरून खालपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तडा गेल्यावर डबा आणून महिन्यात चमत्कार शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं. मैनाच्या पुढच्या खुरांवर आता एक बारीक आडवी वळी दिसते. तिच्या वर भिंत सलग, चकचकीत आणि थोड्या उभ्या कोनात. खाली जुनी, खिळ्यांच्या भोकांची, पसरट. ती वळी निम्म्याच्या खाली सरकली आहे. यातलं श्रेय बायोटिनचं किती आणि कानशीचं किती, ते वेगळं काढता येणार नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. खूर गरम लागतोय, घोट्यापाशी नाडी जोरात उडतेय आणि घोडा वजन मागे टाकून पुढचे पाय ताणून उभा आहे, असं दिसलं तर बूट, तेल, पूड काही बघू नका, त्याच वेळी डॉक्टर बोलवा. हरभरा किंवा धान्याची कोठी उघडी राहिली आणि घोड्याने पोट भरून खाल्लं, तर खुराच्या आतल्या पडद्याला सूज येते. उशीर झाला तर आतलं हाड फिरतं. लग्नसराईत वरातीच्या घोड्यांना लाडाने काहीबाही चारतात, त्यांच्या मालकांनी विशेष जपावं.

मग घ्यायचे की नाही? घोडा रोज आठ तास भाडं मारत असेल, तर चांगल्या हाताने ठोकलेली नालच परवडते. बूट तिथे झिजतील आणि पाय घामेजून कुजेल. हौसेची रपेट असेल, नाल वारंवार पडत असेल, भिंत मोडलेली असेल, तर जरूर घ्या, पण आधी नालबंद पक्का करा. नवा घोडा घेणार असाल तर सारंगखेड्याच्या यात्रेत सगळे करतात तसं भोवरे, कान, दात बघाच, पण चारही पाय उचलून तळवेही बघा. तिथे तसं करणारा विरळाच. मैनाच्या मागच्या पायांना मी बूट घेणार नाही, गरज नाही. पुढच्या जोडीचा तळ चवड्याकडे झिजलाय, येता पावसाळा काढेल असं चाचा म्हणतात. त्यानंतर पुढच्या पायांनाही बिनबुटाचं चालवून बघायचा विचार आहे, निदान मुरमाच्या वाटेवर.