पेशंटला व्यसनाबद्दल कसं विचारायचं: कोल्हापुरातलं दोन दिवसांचं ट्रेनिंग

मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) तिसऱ्या वर्षाला आहे. नर्सिंग आणि मेडिकलच्या पोरापोरींसाठी कोल्हापुरातच झालेलं हे ट्रेनिंग गेल्या महिन्यात केलं आणि खरं सांगते, लई कामाचं आहे. आत्तापर्यंत वॉर्डात हिस्टरी घेताना आम्ही एकच विचारायचो, "मामा, दारू पिता का?" मामा शेजारी उभ्या बायकोकडं बघून नाही म्हणणार, आम्ही नाही लिहून पुढच्या बेडला. इथं शिकवलं की आधी नातेवाईकांना जरा बाहेर थांबवा, हे सगळ्यांनाच विचारतो म्हणून सांगा, मग किती आणि कितीदा ते विचारा.

सगळ्यात भारी सेशन ऑडिटचं. ऑडिट म्हणजे दारूच्या सवयीवरची डब्ल्यूएचओची 10 प्रश्नांची टेस्ट, 40 पैकी मार्क, 8 किंवा जास्त आले की पिणं धोक्याचं. रोल प्लेत माझा पेशंट म्हणाला "एकच घेतो", मी एक ड्रिंक टिक केलं आणि सरांनी तिथंच थांबवलं. एक म्हणजे एक काय? क्वार्टर ना? 180 मिली व्हिस्कीत साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल, ऑडिटचं ड्रिंक 10 ग्रॅमचं, म्हणजे हे सहा झाले! असे किती फॉर्म मी चुकीचे भरले असते.

सोडायची तयारी 0 ते 10 मध्ये किती, हे विचारायचं आणि पेशंट 4 म्हणाला तर "चारच का?" नाही, "दोन का नाही?" असं म्हणायचं, मग माणूस पोरीचं लग्न, कर्ज, स्वतःच कारणं काढायला लागतो.

विथड्रॉवलच्या, म्हणजे दारू तुटल्यावर होणाऱ्या त्रासाच्या, सेशनला मात्र मला रडू आलं. एका पोस्टिंगला पाय मोडून आलेला पेशंट तिसऱ्या रात्री थरथरत होता, भिंतीवर किडे दिसतात म्हणत होता, आणि वेड लागलं समजून त्याचे हात बांधले होते. दारू अचानक तुटली की 48 ते 72 तासांत असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो, थायमिन (व्हिटॅमिन बी1) ग्लुकोजच्या आधी द्यायचं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

कमी काय, तर मिश्रीला जेमतेम पाच मिनिटं. आपल्याकडच्या मावश्या मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत, त्यांना तंबाखू खाता का विचारलं तर नाहीच म्हणणार, यावर अर्धा दिवस पाहिजे होता. आणि पुढं पाठवायचं कुठं, यावर स्लाइडवर फक्त 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन. नंबर चांगला आहे, पण एखादं व्यसनमुक्ती केंद्र आत नेऊन दाखवा की, पुढच्या बॅचला तरी.