दहाव्या वर्षीची निवड की सामाईक शाळा: बव्हेरिया आणि ऑन्टारिओ

जर्मनीतील बव्हेरियात चौथीच्या गुणपत्रिकेवर मुलाची माध्यमिक शाळा ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल (तिथे 1 ही सर्वोत्तम श्रेणी, हे आपल्याकडच्या पालकांना उलटेच वाटेल), तर जिम्नॅशियमचा (विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचा) थेट मार्ग खुला होतो. नाहीतर रेआलशूल (मधल्या पातळीची शाळा) किंवा मिटेलशूल (मुख्यतः व्यवसाय शिक्षणाकडे नेणारी शाळा). घरी तुर्की बोलणारे स्थलांतरित कुटुंबातले मूल गणितात कितीही हुशार असले, तरी नेमकी जर्मनची श्रेणी त्याला मागे ओढते, आणि भाषा पक्की होण्याआधीच वाट ठरून जाते. पुढे शाळा बदलता येते, पण वर चढणे खाली येण्याइतके सोपे नसते.

कॅनडातील ऑन्टारिओत स्थलांतरित आणि स्थानिक मुले एकाच माध्यमिक शाळेत जातात. माध्यमिक शाळेच्या पदविकेला 30 क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) लागतात आणि नवागतांसाठीच्या इंग्रजी वर्गांचेही क्रेडिट त्यात धरले जाते, त्यामुळे भाषा शिकण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. नववीत ‘अकॅडेमिक’ (सैद्धांतिक) आणि ‘अप्लाइड’ (व्यवहारोपयोगी) अशी विभागणी तिथेही होती. ती 2021 मध्ये गणितापासून मोडीत निघू लागली.

मला ऑन्टारिओची पद्धत अधिक न्याय्य वाटते. मात्र कॅनडा 1967 पासून गुणांकन पद्धतीने शिकलेले स्थलांतरित निवडत आला आहे, तर जर्मनीने 1961 च्या करारान्वये तुर्कस्तानातून कारखान्यांसाठी कामगार आणले. त्यामुळे ऑन्टारिओतील स्थलांतरित मुलांच्या यशाचे सगळे श्रेय शाळेच्या रचनेला देता येत नाही.